दीपस्तंभाची नोंदवही

मानपत्रांत, गौरवपर भाषणांत आणि स्मरणिकांच्या पानांवर ‘दीपस्तंभ’ हा शब्द आपल्याला हमखास भेटतो. ज्याने वाट दाखवली, तो दीपस्तंभ. उपमा समर्पकच आहे; परंतु ती वापरताना आपल्या डोळ्यांसमोर केवळ उजेड असतो. तो उजेड रोज सायंकाळी ठरल्या वेळी लागावा आणि पहाटेपर्यंत अखंड राहावा, यासाठी कोणी किती वेळा जिना चढला, कोणत्या वहीत काय लिहिले गेले, कोणता सुटा भाग केव्हा बदलला, हे त्या उपमेत येत नाही. प्रस्तुत लेखात दीपस्तंभाची ही न दिसणारी बाजू पाहावयाची आहे. या कामात अलीकडे विदा-विश्लेषणाचा, म्हणजे साठवलेल्या नोंदींमधून अर्थ काढण्याच्या शास्त्राचा, आधार घेतला जातो. हे शास्त्र दीपस्तंभाला काय देते आणि कोठे त्याच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे; कारण उद्या हेच शास्त्र आपल्या गावची पाणीयोजना, दवाखाना आणि शाळा यांविषयीचे निर्णयही घेणार आहे.

प्रकाश आणि ओळख

आपल्या कोकण किनाऱ्याला दीपस्तंभ नवे नाहीत. मुंबई बंदराच्या दक्षिणेस खांदेरी बेटावरील दीपस्तंभ १८६७ सालचा. कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकावर उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ १८७५ सालचा. ओहोटीच्या वेळी तेथपर्यंत खडकांवरून चालत जाता येते आणि भरती आली की वाट पाण्याखाली जाते. जयगडचा बिडाचा दीपस्तंभ १९३२ सालचा. देशातील दीपस्तंभांचा कारभार केंद्र शासनाचे दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालय पाहते. १९२७ च्या दीपस्तंभ अधिनियमाची जागा २०२१ साली नव्या कायद्याने घेतली. त्यात केवळ दिव्यांचाच नव्हे, तर नौकानयनास साहाय्य करणाऱ्या सर्व साधनांचा विचार केलेला आहे.

दीपस्तंभाने केवळ प्रकाश देऊन भागत नाही. त्याने आपली ओळखही पटवावी लागते. प्रत्येक दिव्याची लय निराळी असते. कोणी दर दहा सेकंदांनी एकदा चमकतो, कोणी दोनदा चमकून थांबतो. ही लय नकाशांत आणि दिव्यांच्या अधिकृत सूचीत छापलेली असते. अंधारात दिवा दिसला की खलाशी घड्याळ हाती धरून चमकांमधील अंतर मोजतो आणि आपण कोठे आहोत हे ठरवतो. म्हणून दिवा विझणे जितके घातक, तितकेच त्याची लय बिघडणेही घातक. विझलेला दिवा काहीच सांगत नाही. लय चुकलेला दिवा खोटे सांगतो.

हे घडू नये म्हणून दीपस्तंभावर रखवालदार असे आणि रखवालदारापाशी नोंदवही असे. दिवा किती वाजता लावला, किती वाजता मालवला, तेल किती लागले, वारा कोणत्या दिशेचा होता, यंत्रात काय बिघडले, याची रोजची नोंद त्या वहीत होई. ज्याला आज आपण ‘डेटा’ म्हणतो, तो दीपस्तंभांवर शतकाहून अधिक काळ शाईने लिहिला जात होता. उणीव एकच होती : वही खडकावर असे आणि ती वाचणारे अधिकारी किनाऱ्यावर असत.

अकरा रात्रींचा अंधार

ही उणीव किती महाग पडू शकते, याचे उदाहरण स्कॉटलंडच्या इतिहासात आहे. त्या देशाच्या वायव्येस, अटलांटिक महासागरातील फ्लॅनन बेटांवर १८९९ च्या डिसेंबरात दीपस्तंभ सुरू झाला. पुढल्याच वर्षी, १५ डिसेंबर १९०० च्या रात्री, ‘आर्क्टर’ नावाचे जहाज त्या बाजूने गेले. दिवा दिसावयास हवा होता, पण दिसला नाही. जहाजावरील लोकांच्या हे ध्यानात आले होते. तीन दिवसांनी ते लीथ बंदरात पोहोचले. परंतु ही बातमी दीपस्तंभ मंडळाच्या कार्यालयात वेळेवर गेली नाही. बेटावर जाणारी ‘हेस्पेरस’ ही नेहमीची नौका २० तारखेस निघावयाची होती, तीही खराब हवामानामुळे अडकली. अखेर २६ डिसेंबरला ती बेटाला लागली, तेव्हा तिन्ही रखवालदार बेपत्ता असल्याचे आढळले. पाटीवरील शेवटची नोंद १५ तारखेच्या सकाळची होती.

त्या तिघांचे काय झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दिवा विझल्याची माहिती पहिल्याच रात्री उपलब्ध होती. ती पाहिली गेली होती, पण योग्य जागी पोहोचली नाही. निरोप आला नाही, म्हणून सारे ठीक असावे असे गृहीत धरले गेले.

आजच्या यंत्रणेने यातून घेतलेला धडा साधा आहे. आपल्या वसतिगृहात रात्रीची हजेरी घेतली जाते, तेव्हा अनुपस्थित मुलाने स्वतः येऊन ‘मी नाही’ असे सांगावे, अशी अपेक्षा नसते. नाव पुकारले आणि उत्तर आले नाही, की शोध सुरू होतो. दूरनियंत्रित दीपस्तंभही याच रीतीने ठरावीक अंतराने ‘मी आहे, दिवा ठीक आहे’ असा संदेश केंद्राकडे पाठवतो. संदेश आला नाही, तर मौन हीच धोक्याची सूचना मानली जाते. इंग्लंडमधील दीपस्तंभांवर हारविच येथून आणि स्कॉटलंडमधील दीपस्तंभांवर एडिंबरा येथून अशी नजर ठेवली जाते. स्कॉटलंडचा शेवटचा रखवालदार असलेला दीपस्तंभ ३१ मार्च १९९८ रोजी स्वयंचलित झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडचाही झाला. भारतात मात्र अनेक दीपस्तंभांवर अद्याप कर्मचारी आहेत आणि त्यांच्या जोडीला दूरनियंत्रणाची साधने आली आहेत.

टक्क्यांची भाषा

दीपस्तंभाचे काम चांगले चालले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी जगभर एक माप वापरले जाते. त्याला उपलब्धता म्हणतात. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ दिवा आपले काम बरोबर करीत होता, ही ती संख्या. १९५७ साली स्थापन झालेल्या आयएएलए या आंतरराष्ट्रीय संघटनेने दिव्यांचे तीन वर्ग पाडले आहेत. अत्यंत महत्त्वाच्या दिव्याची उपलब्धता किमान ९९.८ टक्के, त्याखालच्या वर्गाची ९९ टक्के आणि तिसऱ्या वर्गाची ९७ टक्के असावी, असा दंडक आहे. हा हिशेब सामान्यतः सलग तीन वर्षांचा करतात.

या टक्क्यांचे तासांत रूपांतर केले म्हणजे त्यांचा खरा अर्थ कळतो. तीन वर्षांचे तास होतात २६,२८०. त्यातील ०.२ टक्के म्हणजे सुमारे साडेबावन्न तास. पहिल्या वर्गातील दिव्याला तीन वर्षांत मिळून एवढीच सवलत आहे. दुसऱ्या वर्गाला सुमारे २६३ तास, म्हणजे जवळजवळ अकरा दिवस. फ्लॅननचा दिवाही साधारण तेवढाच काळ बंद होता! तीन वर्षांच्या हिशेबात ९९ टक्के हा आकडा परीक्षेतील गुणांसारखा भरघोस दिसतो. परंतु ते अकरा दिवस सुटे सुटे, अर्ध्या-एक तासाने विखुरलेले असतील तर गोष्ट निराळी आणि ऐन वादळात सलग असतील तर निराळी. सरासरी दोन्हींना एकाच रांगेत बसवते. आकड्याकडे पाहताना त्याच्या पोटात काय दडले आहे, हे विचारण्याची सवय विश्लेषकाला म्हणूनच लावून घ्यावी लागते.

उपलब्धता दोन गोष्टींवर अवलंबून असते : दोन बिघाडांमध्ये सरासरी किती काळ जातो आणि एक बिघाड दुरुस्त व्हावयास किती वेळ लागतो. समजा, एक दिवा सरासरी ५,००० तास चालल्यावर बिघडतो आणि तो १० तासांत दुरुस्त होतो. म्हणजे ५,०१० तासांपैकी ५,००० तास तो चालू असतो. उपलब्धता झाली ९९.८ टक्के. आता हाच दिवा, हेच यंत्र, हाच कारागीर. फक्त महिना जुलैचा आहे. समुद्र खवळलेला असल्याने होडी बेटाला लागू शकत नाही आणि दुरुस्तीला १० ऐवजी १०० तास लागतात. उपलब्धता एकदम ९८ टक्क्यांवर येते. यंत्रात काहीही बदल नसताना दिवा पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गाच्याही खाली घसरला. कोकण किनाऱ्यावरील देखभालीचे मर्म या लहानशा गणितात आहे. येथे दुरुस्तीचा वेळ कारागिराच्या हातात असतो त्यापेक्षा अधिक समुद्राच्या हातात असतो. म्हणून पावसाळ्यात होणारा बिघाड मे महिन्यातच ओळखता आला पाहिजे.

मे महिन्यात जुलै ओळखणे

ते कसे शक्य आहे, हे एका उदाहरणाने पाहू. सौरऊर्जेवर चालणाऱ्या दिव्यात दिवसा सौरफलक बॅटरी भरतात आणि रात्री दिवा ती वापरतो. साहजिकच बॅटरीचे व्होल्टेज पहाटे, दिवा मालवण्याच्या सुमारास, सर्वांत कमी असते. उदाहरणादाखल समजा की, १२ व्होल्टच्या यंत्रणेत ही पहाटेची नोंद फेब्रुवारीत १२.५ होती, मार्चमध्ये १२.४, एप्रिलमध्ये १२.३ आणि मे महिन्यात १२.२ झाली. धोक्याची घंटा ११.८ वर वाजेल अशी योजना केलेली आहे. मे महिन्यात घंटा गप्पच असते, कारण मर्यादा ओलांडलेली नाही. परंतु ओळीने मांडलेल्या या चार नोंदी सांगतात की, दर महिन्याला दशांश एक व्होल्टची घट होत आहे आणि याच गतीने सप्टेंबरपर्यंत मर्यादा येईल. त्यात जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत बॅटरी पुरती भरणार नाही. म्हणजे ती वेळ आणखी अलीकडे येईल, नेमकी समुद्र बंद असतानाची. धोक्याची घंटा आजची स्थिती सांगते. विश्लेषण दिशा सांगते. बॅटरी आताच, होडी जाऊ शकते तोवर बदला, हा निर्णय त्या दिशेतून मिळतो.

दोष नेमका कोठे आहे, हेही नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या की उलगडते. स्वच्छ उन्हातही फलकाकडून येणारा विद्युतप्रवाह कमी पडत असेल, तर फलकावर मीठ किंवा पक्ष्यांची विष्ठा साचली असण्याचा संभव आहे. तेथे बादलीभर गोडे पाणी आणि फडके पुरेल. प्रवाह पुरेसा असूनही पहाटेचे व्होल्टेज घसरत असेल, तर बॅटरीच म्हातारी झाली आहे. एकाच दिवशी रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सर्व दीपस्तंभांवर प्रवाह घटला, तर कारण आकाशात आहे. एकट्याचाच घटला, तर कारण त्या दीपस्तंभावर आहे.

फिरत्या भिंगाच्या दिव्यात मोटर किती विद्युतप्रवाह घेते, हे पाहतात. तो हळूहळू वाढू लागला, तर बेअरिंग घासत आहे, वंगण सुकले आहे. लय बिघडण्याआधीच याची सूचना मिळते. दिवा आपोआप लावणारा प्रकाशसंवेदक नीट आहे का, हे तपासण्यास तर पंचांगच पुरे. सूर्यास्ताची वेळ आधीच ठाऊक असते. दिवा लागण्याची नोंद आणि सूर्यास्त यांमधील अंतर आठवड्या-आठवड्याने सरकत असेल, तर संवेदकाची काच मळली आहे असे समजावे. यातील कोणत्याही गोष्टीला अचाट गणित लागत नाही. लागते ते रोजची नोंद, जुन्या नोंदींची जपणूक आणि दोन नोंदींमध्ये तुलना करण्याची शिस्त.

ठरलेल्या तारखेची देखभाल पुरेशी का नाही?

यावर कोणी विचारील की, दर सहा महिन्यांनी सर्व भाग उघडून तपासले, तर एवढ्या आकडेमोडीची गरजच काय? हा प्रश्न दीपस्तंभांपूर्वी विमानांच्या बाबतीत विचारला गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनारी हवाई दलातील विमानांच्या बिघाडांचा अभ्यास जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमानाची तपासणी होत असे. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत अशी अपेक्षा. नोंदी मात्र सांगत होत्या की, तपासणीच्या लगेच नंतर बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. चांगले चाललेले यंत्र उघडण्यानेच काही दोष शिरत होते. पुढे १९७८ साली अमेरिकेतील नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल मांडला. वयानुसार झिजून बिघडणारे भाग अवघे ११ टक्के होते; उरलेल्या ८९ टक्के भागांना, अमुक वर्षे झाली म्हणून बदला, हा नियम उपयोगाचा नव्हता.

दीपस्तंभावर तर प्रत्येक खेप होडी, भरती-ओहोटी आणि माणसांचा जीव यांच्या हिशेबाने होते. अनावश्यक खेप टाळणे म्हणजे केवळ पैशाची बचत नसते. निसरड्या खडकावर कोणाला तरी विनाकारण उतरवणे टळते. त्याच वेळी आवश्यक ती खेप योग्य महिन्यात झालीच पाहिजे. तारखेऐवजी यंत्राच्या स्थितीवरून देखभाल ठरवणे, हा या दोहोंचा मेळ आहे.

हजेरीपटावर नसलेले

आतापर्यंत दिव्याच्या प्रकृतीचा विचार झाला. विदेचा दुसरा मोठा उपयोग दिवा कोणासाठी आणि कोठे हवा, हे ठरवण्यासाठी होतो. मोठ्या जहाजांवर एआयएस हे स्वयंचलित ओळख देणारे यंत्र असते. ते जहाजाचे नाव, स्थान, वेग व दिशा सतत प्रक्षेपित करते. आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या, ३०० टन व त्यावरील सकल टनभाराच्या जहाजांना ते सक्तीचे आहे. भारताच्या किनाऱ्यावरील ७४ दीपस्तंभांवर हे संदेश टिपणारी साधने बसवून राष्ट्रीय जाळे उभे केलेले आहे. ज्या मनोऱ्याने जहाजांना दिसावे म्हणून तो बांधला गेला, तोच आता जहाजांना पाहतोही.

या संदेशांतून वाहतुकीचे नकाशे तयार होतात. जेथे जहाजांची दाटी, तेथे रंग गडद; जेथे वर्दळ नाही, तेथे पांढरे. कोणता दिवा अधिक तेजस्वी हवा, कोणता वरच्या वर्गात घालावा, कोणत्या दिव्याची आता गरज उरली नाही, असे निर्णय या नकाशांच्या आधाराने घेता येतात. आणि येथेच थांबून विचार केला पाहिजे.

नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरणाऱ्या लहान होड्यांपैकी कितीतरी होड्यांवर असे यंत्र नसते. पहाटेच्या अंधारात खाडीचे तोंड शोधणाऱ्या तांडेलाला दीपस्तंभ हवाच असतो. किंबहुना पडद्यावर नकाशा पाहणाऱ्या मोठ्या जहाजापेक्षा त्यालाच तो अधिक हवा असतो. परंतु वाहतुकीच्या नकाशावर त्याची होडी उमटत नाही. तेथे पाणी पांढरे दिसते. त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ ‘येथे कोणी नाही’ असा लावला गेला, तर ज्याला उजेडाची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याचा उजेड कमी होईल. आणि तोही कोणाच्या दुष्टाव्याने नाही, तर अगदी शास्त्रशुद्ध दिसणाऱ्या आकड्यांच्या साक्षीने.

हजेरीतील मौन धोक्याची सूचना देते, हे आपण वर पाहिले. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर लिहिलेच नाही, त्याची गैरहजेरी कोणाला कळणार? नोंद नाही याचा अर्थ अस्तित्व नाही असा होत नाही, हे आपल्या समाजाला इतिहासाने पुरेपूर शिकवले आहे. म्हणूनच विश्लेषकाने पहिला प्रश्न ‘या विदेत काय आहे’ हा न विचारता ‘या विदेत कोण नाही’ हा विचारावयास हवा. उत्तर मिळवण्याचे मार्ग आहेत. मच्छीमार सहकारी संस्थांतील होड्यांची नोंदणी, बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी आणि खुद्द तांडेलांशी बोलणे, हे ते मार्ग होत. यंत्रांच्या बाजूनेही पाऊल पडले आहे. इस्रोने विकसित केलेले संदेशवाहक यंत्र देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. योजना यांत्रिक व मोटरवर चालणाऱ्या नौकांसाठी आहे. तिचा उद्देश संकटकाळी संपर्क साधता यावा हा असला, तरी हजेरीपटावर नावे चढू लागली, हेही थोडके नाही. वल्ह्यांच्या व शिडाच्या होड्या तरीही उरतातच. त्यांच्यासाठी माणसानेच जाऊन विचारले पाहिजे.

नोंद करणारा हात

सर्वांत प्रगत विश्लेषणही शेवटी नोंदीच्या प्रामाणिकपणावर उभे असते. दुरुस्तीनंतर ‘काम झाले, सर्व ठीक’ एवढेच लिहिले, तर पुढच्या दहा वर्षांच्या अशा हजार नोंदींतून कोणतेही यंत्र काहीच शिकू शकत नाही. ‘उत्तरेकडील फलकाची तार उंदराने कुरतडली होती, नवी जोडली’ एवढे एक वाक्य मात्र पुढच्या कारागिराची एक खेप वाचवते. वर्षानुवर्षे एकाच दीपस्तंभावर राहिलेल्या कर्मचाऱ्याला कोणत्या वाऱ्यात कोणत्या खिडकीतून पाणी येते, हे ठाऊक असते. ते ज्ञान निवृत्तीबरोबर बेटावरून निघून जाऊ नये, यासाठी ते विचारून लिहून घेणे, हेही विदा-संकलनच आहे. आणि त्या ज्ञानाचा मान राखणे हा त्याचा पहिला नियम.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आज अभियांत्रिकी, संगणक, शासकीय सेवा अशा अनेक क्षेत्रांत आहेत. काही किनारी जिल्ह्यांत शिक्षकही असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती उद्या दीपस्तंभांच्या, नाही तर गावच्या नळयोजनेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या नोंदी येतील. पद्धत सर्वत्र एकच आहे : रोजचे रोज खरे लिहावे, मौनाला होकार समजू नये, सरासरीच्या पोटात डोकवावे आणि यादीत कोण नाही हे शोधावे. पालकांनीही घरातील वीजबिलाचे बारा महिन्यांचे आकडे मुलांना एका कागदावर ओळीने मांडावयास सांगावेत आणि ‘यातून तुला काय दिसते?’ असे विचारावे. विदा-विश्लेषणाचा पहिला पाठ तेथेच होऊन जाईल.

दीपस्तंभ रात्रीच्या वेळी कोण येत आहे हे विचारून पेटत नाही. जहाज असो वा डोणी, उजेड सर्वांवर सारखाच पडतो. त्या उजेडाची काळजी वाहणाऱ्या आकड्यांनीही तेवढेच समदर्शी असावे, एवढीच अपेक्षा.